कोळशाच्या गॅसचं मॉडेल, नोंद ५ : हायड्रॉलिक मेन जमली

गेल्या वेळी तिन्ही रिटॉर्ट (कोळसा तापवायची बंद भांडी) भट्टीत बसले होते. त्यानंतरचे तीन रविवार एकट्या हायड्रॉलिक मेनने (रिटॉर्टमधला गॅस ज्या पाण्यातून जातो ते भांडं) घेतले, आणि ते वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: मॉडेल नॉरफोकमधल्या फेकनमच्या गॅस कारखान्याच्या धर्तीवर आहे. १८४६ साली सुरू झालेला हा कारखाना १९६५मध्ये बंद पडला. इंग्लंडमध्ये असा संपूर्ण टिकून राहिलेला हा एकच. माझ्या भट्टीत कोळसा तापत नाही. कोळशाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, तो घरात करायचाच नाही. रिटॉर्टमध्ये फिश टँकच्या पंपाची हवा, मेनमध्ये रंगीत पाणी आणि शेवटी पाण्यात तरंगणारी पत्र्याची गॅसटाकी, एवढाच संसार.

खऱ्या कारखान्यात बंद रिटॉर्टमध्ये कोळसा हवेविना तापतो. गॅस, वाफ आणि डांबर उभ्या नळीने वर चढतात, वळतात आणि नळीचं टोक मेनमधल्या पाण्यात बुडलेलं असतं तिथून बुडबुड्यांनी बाहेर पडतात. डांबर बरंचसं तिथेच राहतं. पण मेनचं मोठं काम वेगळंच आहे. एका रिटॉर्टचं दार उघडून लालभडक कोक (गॅस निघून गेल्यावर उरलेला कोळसा) ओढायचा असतो, तेव्हा बाकीच्या दोघांचा गॅस त्या उघड्या दारातून येता कामा नये. त्याला अडवतं ते हे पाणी.

मी धरून चाललो होतो की नळी जितकी खोल, तितकी अडवणूक पक्की. म्हणून टोकं २५ मिमी बुडवली. पंप लावला आणि दारांच्या कडांना साबणाचा फेस फुगायला लागला. दारं मी शाडूने लिंपली होती (तिकडचे कामगार चुन्याचा लगदा लावत), तरी हवा फुटत होती. मग वहीत हिशेब मांडला. टाकीची घंटा (पाण्यात तरंगणारा पत्र्याचा भाग) १२ सेंमी व्यासाची, वजन २२६ ग्रॅम. म्हणजे आतला दाब २ सेंमी पाण्याएवढा. त्यात बुडीत २५ मिमीची भर, म्हणजे रिटॉर्टवर साडेचार सेंमी! हा सगळा भार बिचाऱ्या शाडूवर.

उलट दार उघडलं की मेनमधला दाब पाण्याला नळीत २ सेंमी वर ढकलतो, आणि तिथेच थांबतो. गॅस अडतो तो नळीच्या वरच्या उंचीमुळे. टोक जेमतेम बुडालेलं असलं तरी पुरतं. हे कागदावर दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या नळीकडे बघत बसलो.

मग टोकं ३ मिमीवर आणली, तर तिसऱ्या नळीतून हवा सरळ परत आली. मेन एका बाजूला तितकीच कलली होती. खाली चार स्क्रूचे पाय लावले, लेव्हल ट्यूबने सरळ केली, बुडीत ८ मिमी ठेवली. आता दार उघडं ठेवून दहा मिनिटं झाली तरी घंटा तसूभरही खाली येत नाही.

हाच दाब खऱ्या कारखान्यांनाही छळत होता. १८२०मध्ये जॉन ग्राफ्टनने मातीच्या रिटॉर्टचं पेटंट घेतलं. माती बिडापेक्षा जास्त तापमान सोसते, पण तिला भेगा पडतात आणि आत दाब असला की गॅस तिथून निसटतो. पुढे गॅस ओढून घेणारे एक्झॉस्टर आले, तेव्हा ती गळती आटोक्यात आली.

आता पुढचं काम, ज्योतींची फळी, म्हणजे गॅस जळतो ते बर्नर. सॅलफर्डच्या फिलिप्स आणि ली यांच्या सूतगिरणीत गॅसच्या दिव्यांचा आद्य प्रवर्तक विल्यम मर्डॉकने २७१ आर्गंड (गोल कड्यासारख्या ज्योतीचे) आणि ६३३ कॉकस्पर बर्नर लावले होते. १८०८च्या त्याच्या निबंधात त्यांचा उजेड २५०० मेणबत्त्यांइतका धरलाय. कॉकस्परला तीन बारीक भोकं, प्रत्येक १/३० इंचाचं, म्हणजे साधारण ०.८५ मिमी. पितळेच्या नळीत ती पाडताना माझे दोन ड्रिल बिट तुटले. पातळ पितळेत तिरपं भोक कसं सुरू करता, ते कुणी सांगेल का?