एलॉयचे पाच दिवस आणि माझी पहिली रिग

अमेरिकेतल्या ॲरिझोनात चँडलरहून टूसॉनच्या दिशेने आय-१० धरला की तासाभराच्या आत एलॉयचा फाटा येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. मी मूळची यवतमाळची, त्यामुळे डिसेंबरात वेचणी झालेल्या पऱ्हाट्यांचं रान दिसलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जातो. इथे वेचणी यंत्राने होते आणि धुऱ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे प्रचंड गठ्ठे पडलेले असतात. समोर पिकाचो पीकचा सुळका दिसतो, आणि थोडं पुढे गेलं की आभाळात रंगीत कॅनॉप्या, म्हणजे उघडलेली पॅराशूटं.

गेल्या नाताळच्या सुट्टीत इथल्या स्कायडाइव्ह ॲरिझोना या ड्रॉपझोनवर, म्हणजे विमानातून पॅराशूटने उड्या मारण्याच्या तळावर, पाच दिवस मुक्काम केला. माझ्याकडे ए लायसन्स (पहिल्या पायरीचा परवाना) होतं, ४१ उड्या झाल्या होत्या आणि स्वतःची रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच, घ्यायची होती. टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून एखादी उडी, करून आलेले लोक मला भीतीबद्दल विचारतात. कोर्स करून २५ उड्यांचं लायसन्स घेतलेले मात्र एकच विचारतात: काय घेऊ, केवढ्याचं घेऊ? हे त्यांच्यासाठी आहे.

आधी ऑक्टोबरमधली गोष्ट सांगते. एका विक्रेत्याकडे जुनी रिग दिसली. मेन (नेहमीचं पॅराशूट) १५० चौरस फूट, रिझर्व्ह (आणीबाणीचं) १२६, शिवाय एएडी, म्हणजे वेळ पडली तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र. भाव आकर्षक. विक्रेता म्हणाला, तुझ्या वजनाला विंग लोडिंग (कॅनॉपीच्या दर चौरस फुटामागे किती पाउंड) बरोबर १.० येतं, एकदम योग्य. मी पैसे पाठवले, पेटी घरी आली, आणि मग ती रिगरकडे, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्या कारागिराकडे, घेऊन गेले. हा क्रम उलटा हवा होता. रिगर म्हणजे साठीच्या एक बाई, केस पांढरे, बोटं शिलाई मशीनवर घडलेली. त्यांनी हार्नेस माझ्या अंगावर चढवला, छातीचा पट्टा कुठे येतो ते पाहिलं आणि मान हलवली. खांद्यापासून मांडीपर्यंतचा मुख्य पट्टा माझ्यासाठी दोन इंच लांब होता. एएडीच्या आयुष्याचे काहीच महिने उरले होते. मेनच्या दोऱ्या आखडलेल्या होत्या: स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडी चौकोनाच्या) घर्षणाने तापून हळूहळू आखूड होतात, सगळ्या सारख्या नाहीत, म्हणून कॅनॉपी वेडीवाकडी उघडायला लागते. पण त्या सगळ्यात जास्त थांबल्या त्या रिझर्व्हच्या आकड्यावर.

"हे रिझर्व्ह तू कोणत्या दिवशी वापरशील?" त्यांनी विचारलं. मी गप्प. "ज्या दिवशी तू दमलेली असशील, घाबरलेली असशील, खाली आलेली असशील आणि उतरायची जागा अनोळखी असेल त्या दिवशी. कदाचित शुद्धीवरही नसशील. त्या दिवसाचं माप घे."

रिग परत गेली. जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडी रक्कम बुडाली, पण ते एक वाक्य मला मिळालं आणि त्यावरच पुढची सगळी खरेदी झाली. बहुतेक नवशिके मेनपासून सुरुवात करतात, कारण मेन दिसतं, त्याचे रंग निवडता येतात. मी सांगेन, रिझर्व्हपासून सुरू करा. रिझर्व्हचं माप ठरलं की कंटेनर (दोन्ही पॅराशूटं मावणारी पाठपिशवी) ठरतो, कंटेनर ठरला की मेन कितीपर्यंत बसेल ते ठरतं.

हिशेब असा. माझं वजन ५८ किलो, म्हणजे १२८ पाउंड. रिग, हेल्मेट, सूट मिळून साधारण २४ पाउंड. विमानातून बाहेर पडताना १५२ पाउंड. याला कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागलं की विंग लोडिंग. १५० च्या मेनवर १.० आणि १२६ च्या रिझर्व्हवर १.२, म्हणजे जे पॅराशूट सगळ्यात वाईट दिवशी लागणार तेच सगळ्यात वेगवान! आणखी एक गोष्ट, विशेषतः आपल्यातल्या बारीक चणीच्या मुलींसाठी: नवशिक्यांनी १.० च्या आत राहावं असं सांगतात, पण लहान कॅनॉपी तेवढ्याच लोडिंगलाही जास्त चपळ असते, तिच्या दोऱ्या आखूड असतात आणि वळण पटकन घेते. वजन कमी असेल तर १.० च्या बरंच खाली राहा. कुणी "तू हलकी आहेस, तुला १३५ चालेल" म्हणालं तर ऐकू नका.

आता एलॉय. पहिल्या दिवशी कागदपत्रं: यूएसपीएचं (अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचं) सदस्यत्व, लायसन्स, लॉगबुक. ए लायसन्सवाल्याची शेवटची उडी ६० दिवसांपेक्षा जुनी असेल तर आधी उजळणीची उडी करावी लागते, म्हणून सुट्टीच्या आधी कुठेतरी एक उडी मारून या. स्वतःची रिग घेऊन आलात तर रिझर्व्हची तारीख बघतात. अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी रिगरकडून उघडून, तपासून पुन्हा बंद करून घ्यावं लागतं, वापरलेलं असो वा नसो. त्या दिवशी भाड्याच्या १९० वर दोन उड्या मारल्या. नाताळच्या आठवड्यात इथे देशोदेशीचे जंपर येतात, विमानं भरलेली असतात आणि हवेत एकाच वेळी खूप कॅनॉप्या असतात. उतरण्याच्या जागांची माहिती देतात तेव्हा लक्ष देऊन ऐका. नवीन माणसाने लांबच्या मोकळ्या जागेत उतरावं.

दुसऱ्या दिवशी ड्रॉपझोनवरच्या दुकानातून डेमो कॅनॉप्या घेतल्या, त्या भाड्याच्या कंटेनरमध्ये बसवून घेतल्या. सेबर ३ या मॉडेलच्या १७० वर दोन उड्या, पायलट नावाच्या मॉडेलच्या १६८ वर दोन. पायलट मऊ उघडतं, उघडताना मान झटकली गेली नाही. सेबरचा फ्लेअर (टेकायच्या आधी वेग मारणं) मला जास्त आवडला: टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी, खाली ओढले की कॅनॉपी जणू जमिनीवर हात टेकवून तुम्हाला उभं करते. चौथ्या दिवशी सात सेलचं (कप्प्यांचं) स्पेक्टर १७० पण वापरलं. उघडणं झकास, पण माझ्या हाताला फ्लेअरची वेळ साधली नाही. ही माझ्या हाताची चव आहे, तुमची वेगळी असेल. एका उडीवर मत बनवू नका एवढंच.

तिसरा दिवस.

माझी ४८ वी उडी, सकाळी ट्विन ऑटर विमानाचा दुसरा लोड (फेरी), उंची १३,००० फूट. वेळ कमी होता म्हणून मी पॅकिंग घाईत केलं होतं आणि ब्रेकच्या दोऱ्यांचा सैल भाग नीट खोचला नव्हता. मेन कोणतं होतं ते सांगत नाही, कारण चूक मेनची नव्हती, माझ्या हाताची होती. ४,००० ला पायलट शूट (मेन बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट) फेकलं, कॅनॉपी उघडली, चौकोनी दिसली, आणि डावीकडे वळायला लागली. वर पाहिलं तर स्लायडरच्या वर दोन दोऱ्या एकमेकींत अडकलेल्या. टेन्शन नॉट. ब्रेक सोडले, मागचे रायझर (खांद्यांना दोऱ्यांशी जोडणारे पट्टे) दोनदा जोरात ओढले. गाठ तशीच. उजवा टॉगल खांद्यापर्यंत ओढला की सरळ जात होती, पण मग फ्लेअरला हातच उरत नव्हता. मनगटावरच्या अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) २,७००. कोर्समध्ये घोकून घेतलेलं असतं की २,५०० च्या आत निर्णय झालाच पाहिजे, आणि मी मनात तो आकडा मोठ्याने म्हटल्याचं आठवतं.

उजव्या छातीशी लाल उशी, डावीकडे चंदेरी कडी. आधी नजर, मग हात. लाल ओढली. पोटात खड्डा पडला, मेन सुटून गेलं. चंदेरी ओढली, पण आरएसएलने (सुटलेल्या मेनच्या ओढीनेच रिझर्व्ह उघडणाऱ्या पट्टीने) रिझर्व्ह त्याआधीच खेचायला सुरुवात केली असावी, कारण हात पूर्ण ताणायच्या आतच डोक्यावर पांढरी कॅनॉपी होती. एवढी शांतता मी याआधी कधी ऐकली नव्हती.

भाड्याच्या रिगमध्ये रिझर्व्ह १७६ होतं. माझ्या वजनाला ०.८६. ड्रॉपझोनपर्यंत पोचणार नाही हे लगेच कळलं, म्हणून विजेच्या तारा बघितल्या, वाऱ्याची दिशा धुळीवरून घेतली आणि दोन शेतांमधल्या पांदणीवर उतरले. पावलं टेकली, दोन पावलं चालले, उभी राहिले. त्या अरुंद मातीच्या पट्ट्यावर १२६ घेऊन मी कशी उतरले असते याचा विचार तिथेच आला आणि ऑक्टोबरच्या त्या बाईंची आठवण झाली.

मेन शेजारच्या पऱ्हाट्यांत पडलं होतं. पिकात घुसायचं नाही, सऱ्यांमधून चालायचं, कुंपण असेल तर मालकाला विचारायचं, हे सगळ्यांनी पाळायला हवं. शेजारच्या शेतकऱ्यांशी संबंध बिघडले तर ड्रॉपझोनलाच त्रास. दोऱ्यांमध्ये बोंडांची वाळलेली टरफलं आणि वेचायचा राहिलेला कापूस अडकला होता. दुपारभर ताडपत्रीवर बसून एकेक धागा सोडवला. कापसातली ती किटाळ काढायची सवय बोटांना लहानपणापासून आहे. रिझर्व्हची पिशवीही मिळाली, कारण वरच्या लोडमधल्या दोघांनी ती कुठे पडते ते बघून ठेवलं होतं. ती हरवली की भरपाई द्यावी लागते. पण तिच्या मागे जाण्याच्या नादात स्वतःचं उतरणं बिघडवू नका.

या खेळात एक रीत आहे: तुमचं रिझर्व्ह ज्याने बांधलं त्या रिगरला दारूची बाटली द्यायची. रिगच्या खिशात कार्ड असतं, त्यावर तारीख आणि सही. मी ती सही वाचून माणूस शोधला, तो हँगरच्या मागच्या खोलीतच होता. संध्याकाळी पाचला आईला फोन केला, यवतमाळात पहाटेचे साडेपाच. ती उठलेलीच असते.

"उतरली का व नीट?"

"उतरली व आई." आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती थोडा वेळ गप्प होती.

"दुसरं कोणं बांधलं होतं?"

"इथलाच एक माणूस आहे."

"त्याले माहा नमस्कार सांगजो."

दुसऱ्या दिवशी बाटलीबरोबर नमस्कारही पोचवला.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. एएडी नवीनच घ्या, जुन्यात वाचवलेले पैसे उरलेल्या वर्षांनी भागले की काही वाचत नाही. जर्मनीच्या एअरटेकने १९९१ मध्ये सायप्रस हे एएडी आणलं, नंतर व्हिजिल आणि एम२ आले. सायप्रसचं एक्स्पर्ट मॉडेल साधारण ७५० फुटांवर तुम्ही ताशी ७८ मैलांपेक्षा वेगाने पडत असाल तर रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापतं. माझ्या प्रसंगात मात्र ते काहीही करणार नव्हतं, कारण बिघडलेल्या कॅनॉपीखाली तुम्ही त्या वेगाने पडतच नसता. एएडी आहे म्हणून निर्णय पुढे ढकलू नका.

अल्टिमीटर काट्याचा घ्या असं माझं मत. आकडा वाचावा लागतो, काट्याचा कल नुसत्या नजरेने कळतो. कानातला बीपर जोडीला ठेवा, त्याच्या भरवशावर राहू नका. हेल्मेट कडक कवचाचं, घट्ट बसणारं. कॅमेरा २०० उड्यांपर्यंत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. तो लक्षही खातो आणि दोरीलाही अडकतो. कपडे अंगाबरोबर. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली ते पाहून मला दोघी-तिघींनी साडीबद्दल विचारलंय. त्यांच्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. आपल्या पहिल्या शंभरात लाल उशी आणि चंदेरी कडी झाकेल असं काहीही अंगावर नको.

भारतात परतणार असाल तर रिग घेण्याआधी विचार करा की तिथे तुम्ही कुठे उडणार आणि रिझर्व्ह कोण बांधणार. हरियाणातल्या नारनौलला उड्या होतात, पण यवतमाळहून ते काही शेजारी नाही. वर्षातून दहा उड्या होणार असतील तर भाड्याची रिगच बरी. विमानप्रवासात रिग हातातल्या सामानात ठेवा, तपासणीला अर्धा तास जास्त धरा, आणि कुणाला उघडून पाहायची असेल तर तुम्ही समोर हवं.

एलॉयला यायचं तर नोव्हेंबर ते मार्च. त्यानंतर ऊन तापलं की दुपारी वावटळी उठतात, आणि जमिनीजवळ वावटळ कॅनॉपीला लागली तर कोणतंही माप उपयोगाचं नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हवा विरळ होते, तीच कॅनॉपी जास्त वेगाने उतरते. राहायला ड्रॉपझोनवरच सोय आहे, जेवायलाही. रात्री थंडी चांगलीच असते, पांघरूण आणा.

शेवटी मी काय घेतलं? जॅव्हलिनचा वापरलेला कंटेनर, माझ्याच उंचीच्या मुलीसाठी शिवलेला. त्यात १६० चं रिझर्व्ह, सेबर १७०, नवीन एएडी. सगळं मिळून ५,४०० डॉलरच्या आसपास. या वेळी पैसे द्यायच्या आधी सगळं त्याच बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोन तास घेतले, क्लोझिंग लूप बदलायला लावला आणि कार्डावर सही केली. रिझर्व्हची पुढची तारीख जुलैमध्ये येते. त्याआधी मार्चमध्ये एलॉयला चार दिवस ठरवलेत.