साठीनंतरचा पहिला उतार
आज पहिल्यांदा पायात स्की चढवल्या! कॉलेजात असल्यापासूनची इच्छा, साठी उलटल्यावर पुरी झाली. प्रशिक्षकाने आधी थांबायला शिकवलं: पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. वळताना भार बाहेरच्या पायावर. ऐकायला सोपं, पण मांड्या थरथरायला लागतात. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात, हे वाचलं होतं. आज अंगाला कळलं. वाईट वाटलं, अगदी मनापासून. ते पंचविशीतलं शरीर आता परत येणार नाही.

पण दुपारनंतर वळणं सलग जमली, वारा कानांना झोंबला आणि मी आनंदाने ओरडलेच. उंच, तीव्र उतारांचा हट्ट सोडलाय. या सौम्य उतारावर मात्र उद्या पुन्हा जाणार, आधी नीट वॉर्मअप करून.