टाकाऊ खडकाचा ढीग आणि कॅरिबूची वाट: खाणबंदीचा आराखडा मंजूर करून घेताना

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात, यलोनाइफच्या ईशान्येला सुमारे 300 किलोमीटरवर लाक द ग्रा सरोवर आहे. एकाटी (सुरुवात 1998) आणि डायविक (सुरुवात 2003) या हिऱ्यांच्या खाणी त्याच परिसरातल्या. अशा खाणीचा बंदी-आराखडा, म्हणजे खाण बंद करताना जागा कशी सोडायची याची योजना, स्थानिक आदिवासी समुदायांसोबत पुढे नेताना मला एक गोष्ट पक्की कळली: त्यांच्याशी संबंध बैठकीच्या सभागृहात जुळत नाहीत, ते खाणीतून निघालेल्या टाकाऊ खडकाच्या ढिगाच्या उतारावर जुळतात.

म्हणून सुरुवात नकाशापासून करू नये. त्लिचो, डेने, मेटी आणि इन्युइट या समुदायांच्या ज्येष्ठांना आधी जागेवर न्यावं, तेही उन्हाळ्यात. बर्फाखाली उतार, दगड, जुन्या पायवाटा यांतलं काहीच दिसत नाही. शरद ऋतूत शिकारीचे दिवस असतात, तेव्हा बैठक लावू नये. विमान धुक्यामुळे अडकतं, त्यासाठी राखीव दिवस हवेत. दुभाष्यांना तांत्रिक मजकूर आधीच द्यावा, नाहीतर निम्मा दिवस संज्ञा समजावण्यातच जातो.

आता ढिगाबद्दल. टाकाऊ खडकात ग्रॅनाइट असतो, तसा बायोटाइट शिस्ट हा अभ्रकयुक्त, पापुद्र्यांचा खडकही. शिस्टमध्ये सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त, खनिजं असतात. त्यांना हवा आणि पाणी लागलं की आम्लयुक्त पाणी झिरपतं. डायविकच्या उत्तरेकडच्या ढिगासाठी ठरलेलं आवरण असं: 1.5 मीटर टिल, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेली बारीक माती-खडी, आणि त्यावर 3 मीटर स्वच्छ ग्रॅनाइट. उन्हाळ्यातलं वितळणं या आवरणापुरतंच राहावं, आतला शिस्ट गोठलेलाच राहावा, हा हेतू.

अभियंत्याचं समाधान इथे होतं. ज्येष्ठांचा प्रश्न इथे सुरू होतो: यावरून कॅरिबू, म्हणजे इथलं रानटी रेनडिअर, कसा जाईल? मोठ्या दगडांच्या फटीत खूर अडकला की पाय मोडतो. मोकळा ओतलेला खडक साधारण 35 ते 37 अंशांवर थांबतो; तो उतार तीनास एक (तीन आडवं, एक उभं), म्हणजे जवळपास 18 अंशांवर आणावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. कॅरिबूसाठी वेगळे चढ-उताराचे मार्ग लागतात, पृष्ठभागावर बारीक खडी पसरलेले, आणि त्यांची दिशा जुन्या वाटांवरून ठरवलेली. खडीचा आकार आकड्यात सांगून उपयोग नाही. नमुन्याचा एक पट्टा प्रत्यक्ष तयार करून त्यावर ज्येष्ठांना चालू द्यावं. ढीग एकदा घडवून झाल्यावर मार्ग हलवणं फार महाग पडतं, त्यामुळे हे पट्टे मातीकाम सुरू होण्याआधीच व्हायला हवेत.

हा आग्रह किती रास्त आहे, ते गणनेतून दिसतं. बाथर्स्ट कळपात 1986 साली सुमारे 4,70,000 कॅरिबू होते. 2021 साली साधारण 6,200 उरले. कारणं अनेक आहेत, पण खाणींभोवती सुमारे 14 किलोमीटरपर्यंत कॅरिबूंचा वावर कमी होतो, असं अभ्यासात दिसलं आहे. रस्त्यांची धूळ कॅरिबू खातात त्या दगडफुलांवर बसते, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी मारणं म्हणूनच दुय्यम काम नव्हे.

पाण्याची खात्रीही दोन्ही बाजूंनी करावी. प्रयोगशाळेचे अहवाल हवेतच. शिवाय मासे पकडून ज्येष्ठांनी कल्ले, यकृत, चरबी पाहावी, शिजवून चव घ्यावी आणि निरीक्षण नोंदवावं. डायविकमध्ये हे केलं गेलं आहे. ज्या सरोवरातले मासे लोक खातात, तिथे माशांतल्या पाऱ्याच्या आकड्याइतकंच या नोंदीला वजन आहे.

शेवटी आराखडा मंजुरीसाठी वेकीझी भूमी व जल मंडळाकडे, म्हणजे या भागातल्या जमीन-पाण्याच्या नियामकाकडे, जातो. आलेल्या प्रत्येक सूचनेला कंपनीने लेखी उत्तर द्यायचं असतं. इथेच बहुतेक अर्ज रखडतात. ‘नोंद घेतली’ हे उत्तर चालत नाही. आराखड्यात कुठे, काय बदललं ते लिहावं, आणि बदल नसेल तर कारण. ही उत्तरं मंडळाकडे पाठवण्याआधी ज्येष्ठांना वाचून दाखवावीत, कारण तिथे त्यांच्या नावावर चुकीचं म्हणणं गेलं, तर पुढच्या फेरीला कोणी येत नाही.