बॅलीव्हॉन: मोहरच्या कड्यांकडे जाताना इथे मुक्काम कराच

आयर्लंडला जाणारे बहुतेक जण गॉलवे शहराहून डे टूरच्या बसने क्लिफ्स ऑफ मोहर, म्हणजे मोहरचे समुद्रकाठचे उंच कडे, बघून परत येतात आणि बॅलीव्हॉन खिडकीतूनच मागे जातं. आम्ही तिथेच राहिलो. गाव इवलंसं, एक छोटा धक्का, दोन-चार पब, समोर गॉलवेची खाडी. पण मागे बुरेन सुरू होतं, म्हणजे डोंगरच्या डोंगर उघडा करडा चुनखडक, आपल्या कोकणातला सडा कसा असतो तसं, फक्त जांभ्याऐवजी चुनखडक. पाऊस भरपूर, पण पाणी भेगांतून थेट खाली गडप, त्यामुळे नद्या जवळपास नाहीतच. मे महिन्यात गेलात तर त्याच भेगांत निळीभोर जेन्शियनची फुलं दिसतात.

सगळ्यात भारी वाटलं ते इथलं गुरांचं गणित. सगळीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, इथे हिवाळ्यात! खडक उन्हाळाभर तापलेला असतो तो हळूहळू थंड होतो, वर चिखल कमी, आणि उन्हाळ्यात आटलेले झरे तेव्हा वाहत असतात. थंडीत गुरांनी गवत खाल्लं की वसंतात फुलांना मोकळी जागा मिळते, म्हणजे ती फुलं बरीचशी शेतकऱ्यांच्या जिवावर आहेत म्हणा ना.

पोलनाब्रोनचं दगडी थडगं आर ४८० रस्त्यावर आहे, साधारण ५८०० वर्षं जुनं, तिकीट नाही. बसगाड्या यायच्या आत सकाळी लवकर जा. एलवी गुहेला तिकीट आहे, पाऊस असेल तर ठीक, नाहीतर तो वेळ चालण्यात घालवा.

आता कामाचं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) इथे चालत नाही, आयरिश वेगळा काढावा लागतो. गाडी डावीकडूनच चालवायची, पण रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यामुळे भाड्याची गाडी लहानच घ्या. गाडी नसेल तर गॉलवेहून ३५० नंबरची बस आहे, फेऱ्या कमी, टाइमटेबल आदल्या रात्रीच बघून ठेवा. बूट घोटा धरून ठेवणारे हवेत, ओल्या खडकावर चप्पल-सँडल अजिबात नको. शाकाहारी असाल तर पबमध्ये भाज्यांचं सूप आणि ब्राऊन ब्रेड बहुतेक मिळतं, पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो त्याला भुलू नका, किचन त्याच्या आधीच बंद होतं.