या वयात वजनं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सारसबागेत चालायला येणाऱ्या तुम्हा सगळ्यांचाच हा ठरलेला प्रश्न: "अहो, रोज पाऊण तास चालता ना? मग एकाहत्तराव्या वर्षी वजनं कशाला उचलायची?"

तीन वर्षांपूर्वी भाचीकडे सत्यनारायणाला पाटावर बसले होते. आरतीला सगळे उभे राहिले, मी बसलेलीच. गुडघा दुखत नव्हता, पायाला मुंग्या नव्हत्या, नुसतं उठवेना. शेवटी चौरंगाचा कोपरा धरला, तर केळीचे खांबच हलले. मग भाचेजावयांनी हात दिला. रोज चालत मी तेव्हाही होतेच.

चालणं हृदयाला, साखरेला चांगलंच. पण सपाट रस्त्यावर मांड्यांना रोज तेवढंच काम पडतं, आणि ओझं वाढल्याशिवाय स्नायू काही बळ धरत नाही. तिशी-चाळिशीपासून तो झडू लागतो, साठीनंतर जास्तच. डॉक्टर याला सार्कोपेनिया म्हणतात. आता उशीर झाला, असंही नाही. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या नऊ जणांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० साली छापून आलंय.

मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवते आणि हात न लावता उठबस करते. पहिल्या आठवड्यात चौथ्याच वेळी हात खाली जायचा. आता तांदळाची पिशवी पोटाशी धरून दहा-दहाच्या तीन फेऱ्या होतात. पिशवीत आधी एक किलो होते, आता चार. दहावं उठणं सोपं वाटलं की अर्धा किलो वाढवायचा. श्वास कोंडायचा नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा, मधे एक दिवस सुट्टी.

आणि खाणं. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे माझ्या ५५ किलोंना साठेक ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या चतुर्थीच्या खिचडीत प्रथिनं असलीच तर दाण्याच्या कुटातली. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. मी दोन्ही वेळेला उसळ नाहीतर घट्ट वरण, वाटीभर दही घेते आणि सकाळी दोन अंडी. (सासूबाई असत्या तर ते भांडं गॅलरीत गेलं असतं.)

परवा एका मैत्रिणीला म्हटलं, बाकावरून हात न टेकता पाचदा उठून दाखवा. दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा माझा खांदा धरला आणि म्हणाल्या, "बाकच बुटका आहे हो हा."