८८२ किलोहर्ट्झ : अखेर पुत्तलम लागलं

महिनाभर ज्याच्या मागे होतो ते स्टेशन काल रात्री सलग वीस मिनिटं ऐकलं. श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ (ख्रिस्ती धार्मिक कार्यक्रमांचं रेडिओ जाळं), मध्यम लहरी, ८८२ किलोहर्ट्झ, ४०० किलोवॅट. ऐकण्याची जागा सोलापूर, घराची गच्ची. सेट टेकसन पीएल-३३०, बाहेरची अँटेना नाही.

एवढ्या ताकदीचं स्टेशन इतके दिवस का अडलं? कारण आकाशवाणी इंफाळही ८८२ वरच आहे, ३०० किलोवॅट. दिवसा दोन्ही नसतात. सूर्य मावळला की आकाशातला लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि दोघं एकदमच येऊन थडकतात. कधी मणिपुरी गाणं वर, कधी हिंदी प्रवचन, आणि खालून सतत जात्यासारखी घरघर.

त्यातून पहिला आठवडा खरखरीतच गेला. मग एका संध्याकाळी गल्लीतली वीज गेली आणि सगळा बँड असा शांत झाला की मी आहे तिथेच बसून राहिलो. वीज आल्यावर घरातले दिवे एकेक करून लावून पाहिले. चोर सापडला तो जिन्यातला एलईडी बल्ब! तो बदलला आणि निम्मा त्रास मिटला.

उरला इंफाळ. इथे नकाशा कामी आला. सोलापूरहून इंफाळ पूर्व-ईशान्येला, सुमारे २००० किलोमीटर. पुत्तलम दक्षिण-आग्नेयेला, सुमारे ११५०. दोन्ही दिशांमधला कोन जवळजवळ काटकोन! मंडळी, यासारखं भाग्य नाही. आपल्या सेटमधला फेराइट रॉड, म्हणजे आतली अँटेना, आडवा असतो. त्याच्या टोकांच्या रेषेतून येणारा सिग्नल दबतो, बाजूने येणारा सर्वांत जोरात पकडला जातो. म्हणजे रेडिओचं टोक इंफाळकडे केलं की पुत्तलम आपोआप बाजूला येतं. होकायंत्र ठेवून पाटावर खडूने रेघ मारली आणि सेट त्या रेघेवर ठेवला. आकाशातून येणारा सिग्नल पूर्ण कधीच दबत नाही, पण नंतर बोटभर इकडेतिकडे फिरवत गेलो तसा इंफाळ तळाशी बसला.

शेजारच्या मावशी गच्चीवर वाळवण काढायला आल्या होत्या, त्या थांबल्या. चार ओळी ऐकून म्हणाल्या, "अरे, हे बायबलमधलं तेविसावं स्तोत्र. हिंदीत वाचतायत." मी फक्त 'धार्मिक वाचन' लिहिणार होतो. रिसेप्शन रिपोर्टमध्ये, म्हणजे स्टेशनला पाठवायच्या ऐकल्याच्या नोंदीत, कार्यक्रमाचा नेमका तपशील असला तरच त्याला वजन येतं, तेव्हा ही नोंद मावशींची. त्या शेवटपर्यंत उभ्या राहून ऐकत होत्या. सिनपो (सिग्नल, अडथळा, गोंगाट, लहरींची चढउतार आणि एकूण दर्जा यांना प्रत्येकी पाचपैकी गुण) ३४३३३ लिहिला, मधल्या पाच मिनिटांना एकूण दर्जाचे ४ द्यायला हरकत नव्हती.

ट्रान्स वर्ल्ड रेडिओच्या जाळ्याची सुरुवात १९५४ मध्ये मोरोक्कोतल्या टँजियरला झाली, अवघ्या २,५०० वॅटच्या ट्रान्समीटरवर. म्हणजे पुत्तलम त्याच्या १६० पट. पुढे १९६० मध्ये माँटे कार्लो, मग कॅरिबियनमधलं बोनेर बेट ८०० किलोहर्ट्झवर, १९७७ मध्ये ग्वाम. ग्वामच्या लघुलहरी मी आधीच नोंदवल्यात, पण त्यासाठी लघुलहरींचा सेट लागतो. पुत्तलमचं मोल मला याच्यात वाटतं : भारतात ज्याच्याकडे मध्यम लहरींचा साधा ट्रान्झिस्टर आहे, त्याच्यापर्यंत हे पोचतं. मावशींचा सेट तसलाच आहे. उद्या तोही खडूच्या रेघेवर ठेवून बघणार आहे.

रिपोर्ट आणि दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आज पाठवलं, क्यूएसएल कार्डाची, म्हणजे स्टेशनकडून येणाऱ्या पोचपावतीची, वाट बघतोय. पुढचा प्रयोग मार्चच्या शेवटी, पहाटे. तेव्हा इंफाळला सूर्य पुत्तलमपेक्षा पाऊण तासाहून जास्त आधी उगवतो. तिकडे उजाडलेलं आणि पुत्तलम ते सोलापूर अजून अंधार, एवढ्या फटीत सेट न फिरवताही काय लागतं ते पाहायचंय. नागपूर, कोल्हापूरच्या मंडळींनी आपापल्या गावाहून दोन्ही दिशा मोजून ठेवा, तुमचा कोन माझ्यापेक्षा वेगळा निघेल.