शी रोज होत होती, तरी पोट गच्च

आमच्या पोरीचं पोट दुखायचं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी, बेंबीभोवती हात फिरवत बसायची आणि पाच मिनिटांनी उठून खेळायला पळायची, त्यामुळे आम्हाला वाटायचं नाटकं आहेत. वय साडेचार. मग चड्डीला डाग दिसायला लागले, पातळ. मी म्हटलं झालं, जुलाब. फळं बंद, भाज्या बंद, काहीतरी मऊ-मऊ आणि वर दूध. म्हणजे जे करू नये ते सगळं मी आठवडाभर मन लावून केलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि डाव्या बाजूला खाली माझाही हात ठेवायला लावला. गोटे लागत होते हाताला! म्हणाले, जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे, पोट चोंदलंय. सुकलेल्या शीचा गोळा खाली अडकतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपत बाहेर येते, पोराला कळतसुद्धा नाही. आणि त्या डागांवरून मी तिला ओरडले होते. आठवलं की अजून कसंतरी होतं.

सुरुवात बहुतेक वेळा एका दुखऱ्या शीपासून होते म्हणे. एकदा दुखलं की पोर घाबरतं आणि दाबून धरतं. आमची पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभी राहायची, चेहरा लालबुंद, आम्हाला वाटायचं कुंथतेय, आणि ती तर आत ओढत होती. थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती अजून कडक होते, पुढच्या वेळी अजून दुखतं. असं बरेच महिने चाललं की खालचा भाग ताणून सैल होतो आणि "लागलीय" ही जाणीवच बोथट होते.

मग तीन दिवसांचं खाणं कागदावर लिहून आणायला सांगितलं. मला वाटायचं आमच्या घरी बरं खातात. लिहिलं तर काय, सकाळी दूध, दुपारी दूध, झोपताना दूध, शिवाय मध्येच "जेवली नाहीस ना, मग निदान दूध तरी पी". बेरीज ७५० मिलीच्या वर. दुधात फायबर शून्य पण पोट भरतं, मग जेवण नको, मग परत दूध. मधल्या वेळेला बिस्किटं आणि फळ म्हणजे ज्यूस. फायबरचा एक जुना सोपा हिशोब आहे, मुलाचं वय अधिक ५, तेवढे ग्रॅम रोज. म्हणजे आम्हाला नऊ-दहा. सालासकट एका मध्यम सफरचंदात चारेक ग्रॅम असतं, गाळलेल्या ज्यूसमध्ये जवळजवळ काहीच नाही. उरलेलं कडधान्यं, भाजी, कोंड्यासकटचं पीठ यातून आरामात निघतं.

पण फक्त फायबर वाढवून चोंदलेलं पोट मोकळं होत नाही. मी आधी कोंडा घालून बघितला होता, नुसता गॅस, पोट ढोलासारखं. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांचं २०१४ चं मार्गदर्शनही हेच सांगतं, फायबर आणि पाणी नेहमीइतकं पुरे, जास्तीचं नको, आणि मुख्य उपचार औषध, निदान दोन महिने. आम्हाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, ती शीत पाणी धरून ठेवते, अंगात जवळपास शोषली जात नाही. "सवय लागेल हं" असं चार जणांनी ऐकवलं म्हणून मी तीन आठवड्यांत बंद केली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खरा फरक मला वाटतं वेळेने पडला. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, सकाळी तर जास्तच, आणि नेमकं तेव्हाच आमची बूट-दप्तर-पळापळ चालायची. आता वीस मिनिटं लवकर उठतो, नाश्ता झाला की पाच-दहा मिनिटं बसायचं, पायाखाली स्टूल, गुडघे कमरेच्या वर. झाली तर झाली, नाही झाली तर एक शब्द बोलायचा नाही (हे मला जड गेलं).

मैत्रिणीच्या मुलाचं बरोब्बर उलट होतं, दिवसातून चार-पाचदा पातळ, पण मजेत खेळतोय, वजनही वाढतंय. कारण निघालं ज्यूस. सफरचंद आणि पेअरच्या रसातलं सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढतं. गंमत म्हणजे त्याचसाठी आमच्या डॉक्टरांनी पेअर खायला सांगितलेला!

आणि प्लीज, नेटवर वाचून गहू बंद करू नका, सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच नीट येते. शीत रक्त, हिरवी उलटी, वजन न वाढणं, दुखून रात्री जाग येणं, यात खाण्याचे प्रयोग करत बसायचंच नाही, सरळ डॉक्टर.

आमच्या बाथरूममध्ये आता ब्रिस्टल चार्ट चिकटवलाय, शीचे सात प्रकार, एक म्हणजे सुटे खडे, चार म्हणजे मऊ, हवी तशी, आणि सात म्हणजे पाणी. पाहुणे असले तरी आतून आरोळी येते, "आई, आज चाsssर!"